वेगळे राहायला लागलो, आता कायद्याने काय बदलले? विवाहित आणि अविवाहित जोडप्यांचे नेहमीचे प्रश्न

नाते मोडते तेव्हा माणसे आधी घर बदलतात, कागद नंतर बघतात. मधल्या काळात ऐकीव सल्ल्यांवर मोठे निर्णय होतात. कोणी सही करून स्त्रीधन सोडते, कोणी दुसरे लग्न उरकते, कोणी पोटगीचा अर्जच करत नाही. कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. मुख्य भर महाराष्ट्रातल्या हिंदू विवाहांवर आहे. इतर धर्म, गोवा, परदेश आणि लिव्ह-इन यांचे प्रश्न पुढे वेगळे आहेत.

आम्ही दोन वर्षांपासून वेगळे राहतो. म्हणजे आपोआप घटस्फोट झाला ना?

नाही. कितीही वर्षे वेगळे राहिलात तरी लग्न कायम राहते. दोन वर्षे हा आकडा लोकांच्या डोक्यात बसला आहे तो हिंदू विवाह कायदा, १९५५ मधल्या कलम १३ मुळे. जोडीदाराने वाजवी कारणाशिवाय सलग दोन वर्षे सोडून दिले असेल तर घटस्फोट मागता येतो, एवढेच ते कलम सांगते. न्यायालयाचा हुकूमनामा होईपर्यंत तुम्ही पती-पत्नीच असता आणि लग्नाचे हक्क व बंधने दोन्ही चालू राहतात. पुढची बहुतेक उत्तरे याच एका गोष्टीवर उभी आहेत.

मग दुसरे लग्न केले तर?

पहिले लग्न टिकून असताना केलेले दुसरे लग्न हिंदूंमध्ये रद्दबातल असते आणि तो गुन्हाही आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ प्रमाणे सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि पहिले लग्न लपवले असेल तर दहा वर्षांपर्यंत. घटस्फोटाचा हुकूमनामा हातात आल्यावरही अपिलाची मुदत संपेपर्यंत थांबावे लागते.

न्यायिक विभक्तता म्हणजे काय? घटस्फोटापेक्षा ती बरी का?

न्यायिक विभक्तता (हिंदू विवाह कायद्याचे कलम १०) हा न्यायालयाचाच हुकूमनामा असतो, पण त्याने लग्न संपत नाही. एकत्र राहण्याचे बंधन तेवढे संपते. कारणे घटस्फोटाचीच असतात: क्रूरता, सोडून जाणे, व्यभिचार, धर्मांतर वगैरे. हुकूमनाम्यानंतर एक वर्ष किंवा अधिक काळ सहजीवन पुन्हा सुरू झाले नाही, तर दोघांपैकी कोणीही त्या आधारावर घटस्फोट मागू शकतो. मन जुळले तर हुकूमनामा रद्दही करून घेता येतो.

ज्यांना घटस्फोट नको आहे पण रोजच्या त्रासातून कायदेशीर सुटका हवी आहे, त्यांना हा मार्ग उपयोगी पडतो. आजारी जोडीदाराचा विमा, कुटुंब निवृत्तिवेतन, वारसा हे सगळे यात शाबूत राहते. त्याच कारणासाठी काहींना तो नकोसाही वाटतो. दुसरे लग्न मात्र यात करता येत नाही.

नोटरीसमोर स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहून घेतली आहे. पंचांच्या सह्या आहेत. चालेल?

चालणार नाही. नोटरी सही प्रमाणित करतो, लग्न मोडू शकत नाही. अशा कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न केलेल्यांची पुढे फार फरफट होते. सर्वांत जास्त ती त्या दुसऱ्या बाईची होते, कारण तिच्या वाट्याला लग्न नसलेले लग्न येते.

एक अपवाद आहे. कलम २९(२) ने काही समाजांतला रूढीने चालत आलेला काडीमोड मान्य ठेवला आहे. पण ती रूढी जुनी, अखंड आणि त्या समाजात सर्वमान्य आहे हे न्यायालयात पुराव्याने सिद्ध करावे लागते. ‘आमच्यात असंच करतात’ एवढे पुरत नाही. आणि जात पंचायतीने निर्णय न मानणाऱ्या कुटुंबाला वाळीत टाकले तर महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली तो गुन्हा ठरतो.

संमतीने घटस्फोट घ्यायचा आहे. आधी एक वर्ष वेगळे राहावेच लागते का? मुंबईत दुसरी खोली परवडत नाही.

कलम १३-ब प्रमाणे किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असणे ही अट आहे. पण १९९१ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ‘वेगळे राहणे’ म्हणजे पती-पत्नी म्हणून न राहणे. परिस्थितीमुळे एकाच छताखाली असलेले दोघेही वेगळे राहत असू शकतात. त्यामुळे एका खोलीत संसार असलेल्यांनी खोटा पत्ता देऊ नये. खरी परिस्थिती अर्जात लिहावी.

अर्ज दाखल झाल्यावर सहा महिने थांबण्याची तरतूद आहे. २०१७ च्या निकालापासून योग्य प्रकरणात न्यायालय ही मुदत माफ करू शकते. दोघे बराच काळ वेगळे आहेत, समेटाचे प्रयत्न होऊन गेलेत, पोटगी आणि मुलांचा प्रश्न मिटला आहे, अशा वेळी माफी मागावी. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो. म्हणून सगळी रक्कम पहिल्या तारखेलाच देऊन टाकू नका किंवा सगळे हक्क पहिल्या तारखेलाच सोडू नका. टप्पे पाडा.

मी सासर सोडून माहेरी आले. घर सोडले म्हणजे हक्क गेला, असे सासरचे म्हणतात.

हक्क जात नाही. मारहाण, छळ, अपमान, दुसरे संबंध यांमुळे बाहेर पडणे हे वाजवी कारण आहे, ते ‘सोडून जाणे’ ठरत नाही. नवऱ्याने नांदायला येण्याचा दावा (कलम ९) लावला आणि त्याच्या बाजूने हुकूमनामा झाला, तरी केवळ तेवढ्याने पोटगी बुडत नाही. न जाण्याचे पुरेसे कारण होते का, हे पाहावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२५ रोजी सांगितले आहे.

निघताना किंवा निघाल्यावर लगेच कारण लेखी नोंदवून ठेवा. पोलिसांकडे अर्ज, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार, दवाखान्याचे कागद, नाहीतर भावाला पाठवलेला तारखेचा मेसेज तरी. वर्षांनंतर हेच कामी येते.

घर सासऱ्यांच्या नावावर आहे. मला तिथे राहता येईल?

कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ मध्ये सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे (कलम १७). ते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी, जोडपे तिथे काही स्थिरपणे राहिले असेल तर, हा हक्क मागता येतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये दिला. मात्र हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही, आणि वृद्ध सासू-सासऱ्यांची बाजूही न्यायालय बघते. अनेकदा त्या घराऐवजी नवऱ्याने भाड्याचे दुसरे घर द्यावे असा आदेश होतो.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. गोवा सोडून भारतात कुठेही लग्नामुळे नवऱ्याच्या मिळकतीत बायकोचा अर्धा हिस्सा तयार होत नाही. ज्याच्या नावावर, त्याचे. पंधरा वर्षे घर सांभाळलेल्या बाईच्या हाती वेगळे होताना मालकीचे काहीच नसते. मला हा आपल्या कायद्यातला मोठा अन्याय वाटतो. पोटगीने तो पुरता भरून निघत नाही.

दागिने त्यांच्याच लॉकरमध्ये आहेत.

स्त्रीधन पूर्णपणे बायकोचे. लग्नात माहेरहून, सासरहून, नातेवाइकांकडून तिला मिळालेले दागिने, भांडी, रोकड यांवर नवऱ्याची मालकी नसते. ते त्याच्याकडे ठेव म्हणून असते, आणि परत न करणे हा विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो. न्यायिक विभक्तता झाल्यानंतरही हिंसाचार कायद्याखाली स्त्रीधन मागता येते, हे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. लग्नाचे फोटो आणि सराफाच्या पावत्या शोधून ठेवा. मंगळसूत्र, पाटल्या, तोडे अशी वजनासकट यादी आजच करा.

पोटगी कुठे मागायची आणि कधीपासून मिळते?

मार्ग तीन-चार आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२५) कोणत्याही धर्माच्या बायकोला, मुलांना आणि आई-वडिलांना लागू आहे. घटस्फोट किंवा विभक्ततेचा दावा चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम आणि २५ खाली कायम पोटगी मिळते. ही दोन कलमे नवऱ्यालाही खुली आहेत. कसलाच दावा न लावता, लग्न ठेवून, फक्त वेगळे राहून पोटगी हवी असेल तर हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ चे कलम १८ आहे. हिंसाचार कायद्यातही आर्थिक मदत मिळते. एका ठिकाणी मिळालेली रक्कम दुसरीकडे लपवू नये, ती वजा होते. पत्नी स्वतः राहते त्या गावी अर्ज करू शकते, नवऱ्याच्या गावी खेटे घालायची गरज नाही.

नोव्हेंबर २०२० च्या निकालाने दोन मोठे फरक पडले. दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणूनच ‘बघू, समेट होईल’ म्हणत वर्षभर थांबण्यात नुकसान असते. अर्ज केला तरी समेट होऊ शकतोच.

कलम १४४ मध्ये दोन खाचा आहेत. पहिली: दोघे ‘परस्पर संमतीने’ वेगळे राहत असतील तर या कलमाखाली पत्नीला पोटगी नाकारली जाते. त्यामुळे घरगुती समझोत्यात ‘आम्ही आपखुशीने वेगळे राहत आहोत’ हे निरुपद्रवी वाटणारे वाक्य पुढे अंगावर येते. खरे कारण लिहा, रक्कम लिहा, आणि वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. दुसरी: थकलेली पोटगी वसूल करण्याचा अर्ज ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. या कलमाखाली न भरणाऱ्याला तुरुंगातही पाठवता येते, पण वर्ष उलटून गेलेल्या थकबाकीसाठी हे वॉरंट निघत नाही. तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा.

‘मी कधीच पोटगी मागणार नाही’ असे आधीच लिहून दिले असले तरी त्याने न्यायालयाचे हात बांधले जात नाहीत. मुलांच्या पोटगीवर तर आईला पाणी सोडताच येत नाही, ती मुलांची असते.

मुले कोणाकडे?

आई-वडील वेगळे झाले म्हणून दोघांपैकी कोणाचेही पालकत्व संपत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई नैसर्गिक पालक आहेत. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या ‘नंतर’चा अर्थ वडिलांच्या मृत्यूनंतरच असा नाही, तर ते लक्ष देत नसतील तेव्हाही, असा लावला. पाच वर्षांखालचे मूल साधारणपणे आईकडे राहते. त्यापुढे मुलाचे हित हीच कसोटी. कोणाचा पगार जास्त यावर ताबा ठरत नाही. मुलाची शाळा, सवय, घरात संध्याकाळी कोण असते, हे बघितले जाते. मोठ्या मुलाला न्यायाधीश स्वतः विचारतात.

भेटीच्या तारखा आणि पोटगी यांची अदलाबदल करू नका. पैसे थकले म्हणून भेट बंद, भेट नाही म्हणून पैसे बंद, ही दोन्ही वागणी न्यायालयात महागात पडतात, आणि मुलाला तर त्याआधीच.

वेगळे राहत असताना नवऱ्याने जबरदस्ती केली तर?

तो गुन्हा आहे. वेगळ्या राहणाऱ्या पत्नीशी तिच्या संमतीशिवाय शरीरसंबंध ठेवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ६७ खाली दोन ते सात वर्षे कैद होऊ शकते. न्यायालयाचा विभक्ततेचा आदेश असलाच पाहिजे असे नाही, प्रत्यक्षात वेगळे राहणे पुरते. फार थोड्या बायकांना हे माहीत असते.

वेगळे राहत असताना एकाचा मृत्यू झाला तर वारस कोण?

हयात असलेला पती किंवा पत्नीच, मुलांसह. न्यायिक विभक्ततेनेही हिंदूंचा वारसा तुटत नाही. वीस वर्षे तोंड न पाहिलेली पत्नी कायदेशीर वारस असते आणि कुटुंब निवृत्तिवेतनही तीच मागू शकते. हे नको असेल तर स्वकष्टार्जित मिळकतीचे मृत्युपत्र करा. नुसते नॉमिनेशन बदलून भागत नाही. नॉमिनी सहसा पैसे स्वीकारणारा असतो, मालक नव्हे, हे डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीतही पक्के झाले. प्रॉव्हिडंट फंडात तर कुटुंब असताना बाहेरच्या व्यक्तीचे नॉमिनेशन धरलेच जात नाही.

गृहकर्ज दोघांच्या नावावर आहे.

बँकेला तुमच्या भांडणाशी देणेघेणे नाही. हप्ता चुकला की दोघांचाही सिबिल स्कोअर खाली येतो, दोघांकडूनही वसुली होते. हप्ता कोण भरणार हे लेखी ठरवा आणि एकाचे नाव कमी करायचे असेल तर बँकेची संमती घ्या. महाराष्ट्रात राहते घर पती-पत्नीने एकमेकांना बक्षीसपत्राने दिल्यास मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये असते (नोंदणीचे आणि स्थानिक आकार वेगळे). घटस्फोट झाल्यावर तुम्ही पती-पत्नी उरत नाही आणि ही सवलतही उरत नाही. फ्लॅट एकाच्या नावावर करायचा ठरले असेल तर ते हुकूमनाम्याच्या आधी उरका.

आम्ही मुस्लिम किंवा ख्रिश्चन आहोत. आमचे काय?

एका दमात तीनदा तलाक २०१९ च्या कायद्याने निरर्थक आणि गुन्हा आहे. मुस्लिम पत्नीला ‘खुला’ (पत्नीने स्वतः मागून घेतलेला तलाक) किंवा १९३९ च्या कायद्याखाली न्यायालयाचा मार्ग आहे. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीही जुन्या कलम १२५ खाली पोटगी मागू शकते, हे जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले.

ख्रिश्चनांसाठी १८६९ चा घटस्फोट कायदा आहे. संमतीच्या घटस्फोटाला त्यात दोन वर्षे वेगळे राहण्याची अट लिहिलेली आहे. न्यायिक विभक्ततेनंतर पत्नीने मिळवलेल्या मिळकतीवर ती अविवाहित असल्यासारखा तिचा एकटीचा हक्क राहतो, आणि ती मृत्युपत्र न करता वारली तर ती मिळकत नवऱ्याकडे जात नाही. हिंदू कायद्यात असे कलम नाही. आंतरधर्मीय जोडप्यांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न केले असेल तर अटी बऱ्याचशा हिंदू विवाह कायद्यासारख्याच आहेत.

गोव्यात वेगळे काय आहे?

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला समान कायदा सर्व धर्मांना लागू आहे, हिंदू विवाह कायदा नाही. लग्नाआधी नोंदवलेला वेगळा करार नसेल तर दोघांची मिळकत सामायिक होते आणि प्रत्येकाचा अर्धा वाटा असतो. स्थावर मिळकत दुसऱ्याच्या सहीशिवाय विकता येत नाही, म्हणून गोव्यातल्या खरेदीखतावर नवरा-बायको दोघेही दिसतात. मृत्युपत्रानेही साधारण अर्धीच मिळकत मनाप्रमाणे देता येते. गोवेकराच्या भारतात इतरत्र असलेल्या मिळकतीलाही गोव्याचाच वारसा कायदा लागतो, असा २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. त्यामुळे सिंधुदुर्गातली किंवा पुण्यातली मुलगी गोव्याच्या घरात लग्न करून गेली असेल, तर पुण्याच्या सल्ल्यावर विसंबू नका. पणजी-मडगावच्या वकिलाला विचारा.

नवऱ्याने परदेशात घटस्फोट मिळवला. तो इथे लागू होतो?

दोघांनी तिथल्या न्यायालयाचा अधिकार मान्य करून भाग घेतला असेल आणि कारण इथल्या कायद्यात बसणारे असेल तर होतो. पत्नी पुण्यात, दावा न्यू जर्सीत, ती हजरच नाही, आणि कारण ‘नाते सुधारण्यापलीकडे गेले’ एवढेच, असा हुकूमनामा १९९१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे इथे सहसा टिकत नाही. तिकडची नोटीस आली तर दुर्लक्ष करू नका. अधिकारक्षेत्राला लेखी हरकत घ्या, पण ती घेता घेता तिथे दावा लढवायला लागू नका.

आम्ही लग्न न करता एकत्र राहत होतो. वेगळे होताना काही करावे लागते?

महाराष्ट्रात काहीच नाही. लिव्ह-इन हा गुन्हा नाही, आणि ते संपवायला कोणाची परवानगीही लागत नाही. उत्तराखंडात समान नागरी संहितेखाली जानेवारी २०२५ पासून नोंदणी आणि समाप्तीची नोंद लागते, तिथे राहणाऱ्या मराठी जोडप्यांनी हे लक्षात ठेवावे. पण काही करावे लागत नाही याची दुसरी बाजू कठोर आहे: आपोआप काही मिळतही नाही. वारसा नाही, निवृत्तिवेतन नाही, एकमेकांच्या मिळकतीत हक्क नाही.

स्त्रीला मात्र हिंसाचार कायद्याचे संरक्षण आहे, जर नाते ‘विवाहसदृश’ असेल. २०१० आणि २०१३ च्या निकालांतून कसोट्या ठरल्या. दोघे लग्नाच्या वयाचे आणि लग्नाला मोकळे असावेत, बराच काळ एकत्र राहिलेले असावेत, समाजात जोडपे म्हणून वावरत असावेत, घरखर्च आणि जबाबदाऱ्या एकत्र असाव्यात. तो विवाहित आहे हे माहीत असून राहिलेल्या स्त्रीला हे संरक्षण नाकारले गेले आहे. पहिले लग्न लपवून फसवणूक झालेल्या स्त्रीला मात्र, महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात २०१३ मध्ये, पत्नी मानून पोटगी दिली गेली. समलिंगी जोडप्यांना ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतरही विवाहाची मान्यता नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी करार आणि मृत्युपत्र हीच साधने उरतात.

फ्लॅट त्याच्या नावावर घेतला, पैसे अर्धे माझे होते. आमचे लग्न झालेले नाही.

हा सर्वांत दुखरा प्रश्न आहे. नवरा-बायको असते तर स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून जोडीदाराच्या नावे घेतलेली मिळकत बेनामी कायद्यातून (पैसे एकाचे, नाव दुसऱ्याचे अशा व्यवहारांना बंदी घालणारा कायदा) सुटते. लिव्ह-इन जोडीदाराला ती सूट नाही. पैसे माझे, नाव त्याचे, असे सांगत मालकीचा दावा करायला गेलात तर तोच कायदा आडवा येतो. म्हणून मालकी हवी असेल तर खरेदीखतावर नाव हवे. पैसे उसने दिले असतील तर तसा कर्जाचा करार हवा आणि व्यवहार बँकेतून हवा. प्रेमात असताना हे बोलणे अवघड जाते, मान्य आहे. तरीही नोंदणीच्या दिवसाआधी बोला.

लग्नाचे वचन मोडले, तर पोलिसांत जाता येते?

नाते मोडणे हा गुन्हा नाही. सुरुवातीपासूनच लग्नाचा इरादा नसताना खोटे वचन देऊन संबंध ठेवले असतील तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. खोटे वचन आणि परिस्थितीमुळे न पाळता आलेले वचन यांत सर्वोच्च न्यायालय सातत्याने फरक करते.

गरोदरपणात जोडीदार सोडून गेला असेल, तर अविवाहित स्त्रीलाही २० ते २४ आठवड्यांदरम्यान गर्भपाताच्या तरतुदीचा लाभ घेता येतो, हे सप्टेंबर २०२२ मध्ये ठरले आहे. वेळ कमी असतो, लगेच सरकारी रुग्णालयात जा.

लिव्ह-इनमधून झालेल्या मुलाचे हक्क काय?

पोटगीचा हक्क पूर्ण, कलम १४४ औरस-अनौरस असा भेद करत नाही. नैसर्गिक पालक आधी आई. अविवाहित आई वडिलांना नोटीस न देता पालकत्वाचा अर्ज करू शकते आणि तिच्या प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला मिळतो (२०१५). आईचा वारसा मिळतोच. वडिलांच्या बाबतीत, दीर्घकाळ पती-पत्नीसारखे राहिले असतील तर न्यायालय विवाह गृहीत धरू शकते. विवाह झाला पण तो रद्दबातल होता, अशा नात्यातल्या मुलांना वडिलांच्या वाट्यात, वडिलोपार्जित मिळकतीतल्या त्यांच्या हिश्शासह, हक्क आहे, हे सप्टेंबर २०२३ मध्ये ठरले. वाट न बघता जन्मदाखल्यावर वडिलांचे नाव आणि वडिलांचे मृत्युपत्र, दोन्ही करून घ्या.

वकील परवडत नाही.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका समितीत अर्ज करा, किंवा १५१०० वर फोन करा. हिंसा होत असेल तर १८१. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात, ते विनामूल्य असतात आणि तिथे झालेले बोलणे पुरावा म्हणून वापरले जात नाही. परित्यक्ता आणि घटस्फोटाच्या प्रक्रियेतल्या गरजू स्त्रियांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेखाली दरमहा मदत मिळू शकते, अर्ज तहसील कार्यालयात करा. जाताना आधार, रेशनकार्ड, विवाहाचा पुरावा आणि मुलांचे जन्मदाखले सोबत न्या, मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या.